मक्ता, मालक आणि नाव

कचेरीतील एका अधिकाऱ्याची बदली होऊन दुसरा त्याच्या जागी येतो, तेव्हा कार्यभाराची देवघेव होते. जाणारा सही करतो, येणारा सही करतो, दाराबाहेरील एक पाटी उतरते व दुसरी चढते. आतील टेबले, कपाटे आणि कारकून मंडळी बहुधा जागची हलत नाहीत. स्वतःच्या प्रांतापासून दूर नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांनी हा प्रसंग अनेकदा पाहिला असेल. परंतु अशी देवघेव लक्षावधी माणसांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या घरातील पडद्यावर होऊ लागली, तर तिचा अर्थ काय होतो? ब्रिटनमधील प्रादेशिक दूरचित्रवाणी कंपन्यांचा इतिहास हा अशा देवघेवींचाच इतिहास आहे. तो वाचताना करमणुकीच्या एका धंद्याचा वृत्तांत आपण वाचतो आहोत असे आम्हांस प्रथम वाटले. पुढे पुढे मात्र प्रश्न गंभीर होत गेला. गावाच्या नावाने चालणारी संस्था खरोखर कोणाची असते, हा तो प्रश्न होय.

३१ डिसेंबर १९८१ ची रात्र घ्या. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टन येथून १९५८ पासून कार्यक्रम देणाऱ्या सदर्न टेलिव्हिजन ह्या कंपनीची ती शेवटची रात्र होती. तिचा मक्ता दुसऱ्या कंपनीस, म्हणजे टी. व्ही. एस. हिला, मिळाला होता. जुनी कंपनी आपली इमारत मुदतीच्या अखेरच्या क्षणापर्यंत सोडावयास तयार नव्हती. म्हणून नव्या कंपनीच्या माणसांनी शेजारच्या मोटारी उभ्या करण्याच्या आवारात तात्पुरत्या खोल्या मांडून तेथे पूर्वतयारी चालविली होती. सदर्नने आपल्या निरोपाच्या कार्यक्रमात ह्या खोल्यांची टर उडविणारे एक गाणेच रिचर्ड स्टिल्गो ह्या विनोदी गायकाकडून म्हणवून घेतले! त्यानंतर तिचे चांदणीसारखे चिन्ह पडद्यावर दूर दूर जात दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी त्याच मनोऱ्यांवरून, त्याच घरांत, नवे नाव उमटले. गाण्यात थट्टा होती, पण थट्टेच्या आड दुखावलेला अभिमान होता. तेवीस वर्षे एका प्रदेशाची बातमी सांगितलेल्या संस्थेस एका पत्रान्वये दूर व्हावे लागले होते.

हे कसे होऊ शकले ते कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९५४ पर्यंत ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणी म्हणजे बी. बी. सी. आणि फक्त बी. बी. सी. त्या वर्षीच्या कायद्याने जाहिरातींवर चालणाऱ्या दुसऱ्या सेवेस वाट मोकळी झाली. तथापि जाहिरातदारांच्या हाती हे सामर्थ्य सरळ सोपविणे तेथील पार्लमेंटला धोक्याचे वाटले. म्हणून स्वतंत्र दूरचित्रवाणी प्राधिकरण, इंग्रजी आद्याक्षरांनी आय. टी. ए., ही सार्वजनिक संस्था निर्माण करण्यात आली. कलेतिहासाचे पंडित सर केनेथ क्लार्क हे तिचे पहिले अध्यक्ष. प्रक्षेपणाचे मनोरे प्राधिकरणाच्या मालकीचे. कार्यक्रम करणे व जाहिरातींचा पैसा मिळविणे हे काम मात्र खाजगी कंपन्यांचे. देशाचे प्रदेश पाडावयाचे, एकेका प्रदेशाचा मक्ता ठराविक मुदतीसाठी एकेका कंपनीस द्यावयाचा आणि मुदत संपली की काम तपासून तो पुन्हा द्यावयाचा अथवा काढून घ्यावयाचा, अशी ही योजना होती. २२ सप्टेंबर १९५५ रोजी लंडनमध्ये ह्या सेवेचा आरंभ झाला. लंडनचे सोमवार ते शुक्रवार हे दिवस एका कंपनीस तर शनिवार-रविवार दुसरीस, असा वारांचाही मक्ता होता! पुढील सात वर्षांत स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड आणि इंग्लिश खाडीतील बेटे धरून सर्व देश ह्या जाळ्याखाली आला. प्रारंभीच्या तोट्यानंतर पैसा असा वाहू लागला की, स्कॉटिश टेलिव्हिजनचे मालक रॉय थॉमसन ह्यांनी 'हा तर नोटा छापण्याचा परवाना' अशा अर्थाचे उद्गार काढले, आणि ते त्यांना जन्मभर चिकटले.

ह्या कंपन्यांची नावे पाहण्यासारखी आहेत. ईशान्येकडील कंपनीने टाइन व टीज ह्या दोन नद्यांची नावे जोडून आपले नाव घेतले. पूर्वेकडील कंपनीने अँग्लिया हे प्रदेशाचे जुने लॅटिन नाव उचलले आणि एकोणिसाव्या शतकात नेदरलंड्सच्या राजासाठी घडविलेला, घोड्यावर बसलेल्या वीराचा एक रुपेरी पुतळा विकत घेऊन तो आपले चिन्ह केला. हँडेलच्या संगीताच्या साथीने तो वीर पडद्यावर फिरू लागला की नॉरिचपासून केंब्रिजपर्यंतच्या घरांत आपले स्थानक लागले असे लोक समजत. १९५९ ते १९८८ अशी एकोणतीस वर्षे तो फिरत राहिला.

परंतु नाव गावाचे असले म्हणजे संस्था गावाची होते, असे मात्र नाही. ह्याचे उत्तम उदाहरण मँचेस्टरच्या ग्रॅनाडा कंपनीचे. ग्रॅनाडा हे स्पेनमधील शहर. ते नाव सिडनी बर्नस्टाइन ह्यांनी आपल्या चित्रपटगृहांस आधीच दिलेले होते, आणि लँकशायरशी त्याचा काडीमात्र संबंध नव्हता. तरीही ह्या कंपनीने मँचेस्टरमध्ये ठाण मांडले, 'उत्तरेकडून' अशी आपली ओळख पडद्यावर लिहिली आणि ९ डिसेंबर १९६० पासून 'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिका सुरू केली. तेथील कामकरी वस्तीतील माणसे आपल्याच उच्चारांत, आपल्याच ठसक्यात बोलताना सर्व देशाने प्रथमच नित्यनेमाने ऐकली. काही वर्षांतच लोक त्या प्रदेशासच थट्टेने व प्रेमाने 'ग्रॅनाडालँड' म्हणू लागले. परक्या नावास गावाने आपले म्हटले, कारण त्या नावाखाली गाव स्वतः बोलत होते.

मक्ता हा मक्ताच असतो, ह्याची पहिली मोठी जाणीव १९६७ साली झाली. प्राधिकरणाचे तत्कालीन अध्यक्ष लॉर्ड हिल ह्यांनी नकाशा नव्याने आखला. यॉर्कशायरसाठी वेगळी कंपनी झाली. लंडनच्या सोमवार-ते-शुक्रवारच्या सेवेसाठी रेडिफ्यूजन आणि ए. बी. सी. ह्या दोन कंपन्यांस जवळजवळ हुकूम करूनच एकत्र संसार मांडावयास लावण्यात आले. त्यात वरचष्मा ए. बी. सी. चा राहिला, आणि अपत्याचे नाव ठेवण्यात आले थेम्स. ३० जुलै १९६८ पासून लंडनच्या पडद्यावर नदीच्या पाण्यात शहराचे प्रतिबिंब दिसू लागले.

वेल्स व पश्चिम इंग्लंड येथील प्रकार अधिक चमत्कारिक. तेथील टी. डब्ल्यू. डब्ल्यू. ह्या कंपनीने १९५८ पासून काम केले होते. मक्ता मात्र हार्लेक कंपनीस गेला. रागावलेल्या जुन्या कंपनीने उरलेल्या मुदतीची वाट न पाहता मार्च १९६८ च्या आरंभीच आपला कारभार आटोपता घेतला. कवी जॉन बेटजमन ह्यांनी पडद्यावर येऊन तिला काव्यमय निरोप दिला. नवी कंपनी तोवर तयार नव्हती. त्यामुळे २० मे पर्यंत सुमारे अकरा आठवडे त्या प्रदेशात असे स्थानक चालले की, ज्यास स्वतःचे म्हणावे असे नावच नव्हते. 'वेल्स व पश्चिमेसाठी स्वतंत्र दूरचित्रवाणी सेवा' असे सरकारी वर्णन तेवढे होते. जुनीच माणसे, जुनीच यंत्रे, जुन्याच इमारती आणि दारावर कोरी पाटी! बातम्या मात्र एक दिवसही चुकल्या नाहीत. मक्तेदारांवाचून काम अडत नाही, हे त्या अकरा आठवड्यांनी दाखवून दिले.

१९८० च्या अखेरीस प्राधिकरणाने जे निर्णय जाहीर केले, त्यांतच सदर्नचा बळी गेला. परंतु त्याच यादीतील दुसरा एक निर्णय आम्हांस अधिक अर्थपूर्ण वाटतो. मध्य इंग्लंडची ए. टी. व्ही. कंपनी श्रीमंत होती, नामांकित होती. मात्र बर्मिंगहॅम व नॉटिंगहॅम येथील लोकांची तक्रार अशी की, तिचे मन लंडनजवळील एल्स्ट्री येथल्या चित्रणगृहात आणि डोळे अमेरिकेच्या बाजारपेठेकडे. प्राधिकरणाने ही तक्रार मानली. मक्ता कायम ठेवला, पण अटींवर: मूळ मालकाने आपले भाग कमी करावेत, इतरांस मालकीत वाटा द्यावा, प्रदेशात राहून काम करावे आणि नाव बदलावे. १ जानेवारी १९८२ पासून ए. टी. व्ही. चे सेंट्रल झाले, एल्स्ट्रीचा पसारा पुढे मोडला आणि नॉटिंगहॅमला नवे चित्रणगृह उभे राहिले. येथे नामांतर हे लोकांच्या हक्काची पावती होते.

ह्यानंतर काळाची चाल बदलली. १९९० च्या कायद्याने काम तपासून मक्ता देण्याच्या पद्धतीऐवजी मोहोरबंद लखोट्यांची निविदापद्धती आणली. गुणवत्तेची एक पायरी ओलांडली की, बहुतेक ठिकाणी सर्वांत मोठी बोली लावणारा जिंकणार. निविदा म्हणजे काय हे ज्यांना नित्य पाहावे लागते, त्या आमच्या वाचकांस पुढील आकडे पाहून हसावे की रडावे हे कळणार नाही. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी निकाल लागला, तेव्हा मध्य इंग्लंडसारख्या विशाल प्रदेशासाठी सेंट्रलने वार्षिक अवघे २,००० पौंड देऊ केले होते आणि तेवढ्यावर मक्ता मिळविला होता, कारण प्रतिस्पर्धीच नव्हता! स्कॉटिश टेलिव्हिजननेही तेवढ्याच रकमेत काम भागविले. उलट लंडनसाठी थेम्सने सुमारे ३ कोटी २८ लक्ष पौंडांची बोली लावली आणि सुमारे ४ कोटी ३२ लक्ष पौंड देणाऱ्या कार्लटनपुढे ती हरली. दहा वर्षांपूर्वी सदर्नच्या जागी आलेल्या टी. व्ही. एस. ने तर जवळजवळ ६ कोटी पौंडांची बोली लावली. इतकी रक्कम ही कंपनी पेलू शकणार नाही असे ठरून तीही बाद झाली आणि मेरिडियन आली. आवारातल्या खोल्यांतून उदयास आलेले नाव अकरा वर्षांत मावळले.

३१ डिसेंबर १९९२ च्या मध्यरात्री थेम्सने निरोप घेतला. नवी कार्लटन ही स्वतः फारसे कार्यक्रम करणारी नव्हे, तर इतरांकडून करवून घेणारी कंपनी होती. मौज अशी की, थेम्स ही कार्यक्रम करणारी संस्था म्हणून जिवंत राहिली आणि तिची पोलिसांवरील 'द बिल' ही मालिका त्याच पडद्यावर पुढे चालू राहिली. घर गेले, पण त्याच घरात स्वयंपाकाचे काम मिळाले, असाच हा प्रकार.

लखोट्यांनी मक्त्याचा बाजारभाव ठरविला; मग मक्तेदारच बाजारात विकले जाऊ लागले. १९९४ च्या आरंभी मालकीवरील निर्बंध सैल होताच कार्लटनने सेंट्रल घेतली, ग्रॅनाडाने लंडनची शनिवार-रविवारची कंपनी घेतली, मेरिडियनच्या मालकांनी अँग्लिया घेतली. १९९७ मध्ये यॉर्कशायर व टाइन टीज ग्रॅनाडाकडे गेल्या. ह्या खरेदी-विक्रीचे वृत्त अर्थविषयक पानांवर येई. प्रेक्षकास काही कळत नसे, कारण पडद्यावरील नाव बहुतेक ठिकाणी तेच राहिले होते. मालकी बदलताना आवाज होत नाही. आवाज होतो तो नाव बदलताना.

तो पहिल्याने ईशान्येकडे झाला. सप्टेंबर १९९६ मध्ये टाइन टीज ह्या नावाच्या जागी 'चॅनल थ्री नॉर्थ ईस्ट' असे एखाद्या फायलीवरील क्रमांकासारखे नाव लावण्यात आले. नद्या गेल्या, दिशा राहिली. लोकांस ते रुचले नाही. पुढे ग्रॅनाडाची मालकी आल्यावर मार्च १९९८ मध्ये जुने नाव परत लावण्यात आले. बाहेरच्या मालकाने गावाचे नाव गावाला परत दिले, हे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल. कार्लटनने उलटी वाट धरली. ६ सप्टेंबर १९९९ पासून मध्य इंग्लंडातील सेंट्रल आणि नैर्ऋत्येकडील वेस्टकंट्री ही नावे पुसून तेथे सर्वत्र कार्लटन हे मालकाचे नाव लावण्यात आले. ज्या प्रदेशास सतरा वर्षांपूर्वी अटी घालून हक्काचे नाव मिळवून दिले होते, त्याच प्रदेशात ते नाव एका दिवसात दिसेनासे झाले. दोन्ही वेळी चिन्ह बदलले, संगीत बदलले. वरवर पाहता प्रकार एकच. पण पहिल्या नामांतराचे कारण प्रदेशात होते, दुसऱ्याचे मालकाच्या कचेरीत.

२८ ऑक्टोबर २००२ पासून इंग्लंड व वेल्सभर 'आय. टी. व्ही. वन' हे एकच नाव झाले. प्रदेशाचे नाव स्थानिक कार्यक्रमांपुरते उरले. २ फेब्रुवारी २००४ रोजी कार्लटन व ग्रॅनाडा ह्या दोन्ही एक होऊन आय. टी. व्ही. ही एकच कंपनी उभी राहिली. ह्यात मालकांची बाजू अगदीच लंगडी होती, असे आम्ही म्हणणार नाही. उपग्रहावरून शेकडो वाहिन्या येऊ लागल्या होत्या, जाहिरातींचे उत्पन्न वाटले जात होते आणि एका कामासाठी पंधरा ठिकाणी कचेऱ्या ठेवणे महाग पडत होते. पण खर्चाची कात्री केवळ नावावर थांबत नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये स्थानिक बातमीपत्रांचे एकत्रीकरण झाले. स्कॉटलंडच्या सीमेवरील कार्लाइल येथून बॉर्डर टेलिव्हिजन जे बातमीपत्र देत असे, ते पूर्व किनाऱ्याजवळील गेट्सहेड येथून, टाइन टीजच्या बातमीपत्राबरोबर होऊ लागले. नाव 'लुकअराउंड' हेच ठेवले होते. म्हणजे ह्या वेळी पाटी राहिली आणि खोली गेली! तेथील लोकांनी व लोकप्रतिनिधींनी कुरकूर चालू ठेवली. २०१३ मध्ये पुष्कळसे तुटलेले पुन्हा जोडण्यात आले.

ते का जोडता आले? ह्या प्रश्नाच्या उत्तरात ह्या इतिहासाचे सार आहे, असे आम्हांस वाटते. पडद्यावरील नावे गेली, तरी कागदावरील परवाने प्रदेशवारच राहिले. २०२५ पासून दहा वर्षांसाठी जे परवाने नव्याने देण्यात आले, तेही प्रदेशवार आहेत आणि प्रत्येकात त्या प्रदेशाच्या बातम्यांची अट आहे. मालक एक झाला. पण अमुक प्रदेशास अमुक वेळ बातम्या दिल्याच पाहिजेत, हे बंधन १९५४ च्या त्या जुन्या कल्पनेचा अवशेष म्हणून टिकून राहिले. प्रदेशाचा आवाज अखेर वाचविला तो रुपेरी वीराने नव्हे आणि नद्यांच्या नावांनीही नव्हे. तो वाचविला परवान्यातील एका रुक्ष कलमाने. ज्यांचा जन्म कलमे लिहिण्यात जातो, त्यांना ह्यात थोडे समाधान वाटल्यास तो दोष मानू नये.

मग नाव केवळ शोभेचे काय? तसेही नाही. आमच्या देशातील अनुभव आठवून पाहावा. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९९७ मध्ये दूरदर्शन व आकाशवाणी ह्यांचा कारभार सरकारी खात्याकडून प्रसार भारती ह्या महामंडळाकडे गेला. कारभारी बदलला, पण नाव तेच राहिल्यामुळे घराघरांत त्याची वार्ताही नव्हती. उलट मराठी वाहिनीस 'सह्याद्री' हे नाव मिळाले, तेव्हा मालकीत काहीच बदलले नव्हते. तरीही दूर दिल्लीत किंवा कलकत्त्यात बसलेल्या मराठी माणसास पडद्यावर ते नाव पाहून काही तरी आपले जवळ आल्यासारखे वाटले. ही भावना खोटी नव्हे. पण ती कशावर उभी आहे, हे तपासण्याचे काम भावनेचे नव्हे.

पाटी ही दारावर असते ती शोभेसाठी नव्हे, तर अर्जदारास कोणाचे दार ठोठावावयाचे ते कळावे म्हणून. साउदॅम्प्टनच्या माणसास सदर्न वा टी. व्ही. एस. आवडो न आवडो, तक्रार घेऊन कोठे जावयाचे ते त्यास ठाऊक होते. एकच नाव सर्व देशभर झाले म्हणजे दार लांब जाते, आणि लांबचे दार ठोठावण्याचा कंटाळा येऊन माणूस हळूहळू तक्रार करणेच सोडतो. उत्तर आयर्लंडमधील कंपनी २०१६ मध्ये आय. टी. व्ही. ने विकत घेतली, तरी यू. टी. व्ही. हे नाव तेथे ठेवण्यात आले; स्कॉटलंडमधील एस. टी. व्ही. तर आजही वेगळ्या मालकीची आहे. तेथे दार अजून जवळ आहे.

१९६८ च्या त्या अकरा आठवड्यांत वेल्समध्ये नावावाचून बातम्या चालल्या. २००९ नंतर कार्लाइलमध्ये नाव राहूनही बातम्या परगावच्या झाल्या. ह्या दोहोंपैकी आपल्या गावास काय चालेल, असा प्रश्न आला तर आम्ही पहिल्यासच मान्यता देऊ. नाव मागाहून लावता येते. मात्र दोन्ही हवे असेल, तर मक्ता देतानाच कलम नीट लिहून घ्यावे, कारण पुढे मालक कोण होईल हे लिहिणाऱ्यास कधीच ठाऊक नसते.